भीमबेटकाच्या गुहेतला तो ‘५५ कोटी वर्षांचा प्राणी’ खरा की खोटा? (आणि पोरीला आता हेच शिकायचंय)

भटक्या_नाशिककर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं गाडीने उज्जैन, सांची, भोपाळ, भीमबेटका असं फिरून आलो. भीमबेटकाला मी आपला वाकणकरांसाठी गेलो होतो, १९५७ साली रेल्वेतून जाताना लांबून ते खडक बघतात काय आणि तिकडे वळून एवढा मोठा चित्रांचा खजिना शोधतात काय, माझ्या वडिलांनी ही गोष्ट शंभर वेळा सांगितलेली. तर ती ऑडिटोरियम नावाची मोठी गुहा आहे ना, तिथे गाईडने वर भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं की "यहाँ दुनिया का सबसे पुराना जानवर चिपका हुआ था, पचपन करोड़ साल पुराना", आणि मोबाईलवर फोटो दाखवला. पानासारखं काहीतरी, मधे रेघ आणि दोन्ही बाजूंना बरगड्या. प्रत्यक्षात भिंतीवर आम्हाला धड काही दिसलं नाही. म्हटलं असेल बुवा, त्याला पन्नास रुपये जास्त दिले.

रात्री हॉटेलवर मुलगी (अकरावी सायन्स) मोबाईलमधे डोकं घालून बसली होती ती एकदम ओरडली, "बाबा, ते मधमाशांचं पोळं होतं!" म्हणजे आधी मोठ्या शास्त्रज्ञांनी तो प्राणी आहे म्हणून छापलं आणि दोन वर्षांनी दुसऱ्यांनी येऊन सांगितलं की पोळं आहे. मला हसू आलं पण तिला नाही आलं. तिचं म्हणणं, एवढी शिकलेली माणसं पोळ्याला फसतात तर मग बाकीचे जे एवढे जुने फॉसिल्स दाखवतात ते खरे कशावरून? आणि आता गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही, नीटचा क्लास बाजूला आणि हिला म्हणे पृथ्वीवरचे पहिलेवहिले मोठे जीव शिकायचेत.

तर माझे प्रश्न असे की एक, तिथे नक्की काय भानगड झाली. दोन, हे लोक खरं-खोटं ओळखतात कसं. आणि तीन, जो माझ्या बायकोचा प्रश्न आहे, याच्यात पुढे पोटापाण्याचं काय. महाराष्ट्रात असलं काही बघायला मिळतं का तेही सांगा, प्रत्येक वेळी भोपाळला नेणं परवडत नाही.

दगडफोड्या

दादा, योग्य वेळी विचारलंत, मी याच विषयात पीएचडी करतोय (संपत नाहीये, तो वेगळा धागा होईल). भीमबेटकाचा किस्सा आमच्या लॅबमधे नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगतात त्यामुळे पाठ आहे.

मार्च २०२० मधे भारतात भूवैज्ञानिकांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस भरणार होती, कोविडमुळे ती पुढे ढकलली गेली, पण त्याआधीच आलेल्या काही मंडळींची भीमबेटकाला सहल झाली. तिथे त्यांना छतालगत, जमिनीपासून दहा-अकरा फुटांवर, साधारण सतरा इंच लांब तो पानासारखा आकार दिसला. रिटॅलॅक (अमेरिकेतले भूवैज्ञानिक) आणि मंडळींनी ठरवलं की हा डिकिन्सोनिया. डिकिन्सोनिया म्हणजे काय, तर एडियाकारन काळातला चपटा, थालीपिठासारखा जीव, अंगावर मधोमध रेघ आणि दोन्हीकडे वळ्या, काही नमुने जवळजवळ दीड मीटरपर्यंत मोठे. हाडं नाहीत, कवच नाही, तोंड कुठे ते सापडत नाही. एडियाकारन काळ म्हणजे साधारण ६३.५ कोटी ते ५३.९ कोटी वर्षांपूर्वीचा. दक्षिण ऑस्ट्रेलियात एडियाकारा नावाच्या टेकड्या आहेत, तिथे १९४६ साली रेग स्प्रिग नावाच्या भूवैज्ञानिकाला जुन्या खाणींची पाहणी करताना हे ठसे सापडले, त्यावरून नाव पडलं. नाव अधिकृत व्हायला मात्र २००४ उजाडलं.

आता हे लोक फसले कसे, तर माझ्या मते नुसते डोळ्यांनी नाही फसले, गरजेने फसले. भीमबेटकाचा दगड विंध्यन (मध्य भारतातले जुने गाळाचे थर) आहे, आणि वरच्या विंध्यनचं वय किती यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं मारामारी चालू आहे. एक गट म्हणतो १०० कोटी वर्षं किंवा त्याहून जुना, दुसरा म्हणतो नाही, ५५ कोटींच्या आसपासचा. तिथे एक डिकिन्सोनिया सापडला तर भांडणच मिटलं! एका फोटोत सगळा निकाल. अशा वेळी माणूस जे हवंय ते बघतो.

तर डिसेंबर २०२२ मधे फ्लोरिडा विद्यापीठाच्या जो मर्ट यांचा गट तिथे गेला. बघतात तर ‘जीवाश्म’ भिंतीवरून सोलवटून निघायला लागलेला. अहो, ५५ कोटी वर्षं टिकलेला ठसा दोन वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो होय? आजूबाजूला बघितलं तर आग्या मोहोळं लटकलेली, आणि जवळून काढलेल्या फोटोत षट्कोनी घरं आणि मेण. २०२३ मधे त्यांनी ते छापलं. रिटॅलॅकनी फार ताणलं नाही, चूक झाली म्हणून मान्य केलं, आणि हे मला आवडलं, कारण आमच्या क्षेत्रात लोक मरेपर्यंत मान्य करत नाहीत. शिवाय मर्ट यांच्या गटाने त्या दगडातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून पुन्हा दाखवलं की दगड १०० कोटीच्या आसपासचा आहे.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे बघा. एकच नमुना, तोही हात न लावता, तुकडा न काढता, भिंतीवर लांबून बघितलेला. जे खरे डिकिन्सोनिया आहेत ते ऑस्ट्रेलियात आणि रशियात पांढऱ्या समुद्राकाठी ढिगाने सापडतात, नखाएवढ्यापासून पाटाएवढ्यापर्यंत, म्हणजे वाढीची सगळी वयं दिसतात. काही दुमडलेले, काही फाटलेले, म्हणजे मऊ अंगाचं काहीतरी होतं हे कळतं. आणि ठसा असतो कुठे, तर वाळूच्या थराच्या खालच्या पृष्ठभागावर. समुद्रतळावर सूक्ष्मजीवांची सायीसारखी चादर, तिच्यावर हा प्राणी, वरून वादळात वाळू येऊन पडली, चादरीने वाळूला चिकटवून धरलं आणि खालून साचा तयार झाला. गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरचा साचा बघितलाय ना, तसंच. त्यामुळे तिथे काम करणारे लोक अख्ख्या लाद्या उलट्या करून मांडतात आणि सकाळी-संध्याकाळी ऊन तिरपं असताना बघतात. भर दुपारी त्याच लादीवर काही म्हणजे काही दिसत नाही.

करिअरवर नंतर लिहितो, मायक्रोस्कोपची वेळ झाली.

रानमेवा_जव्हार

मी शाळा मास्तर, फॉसिलमधलं काही कळत नाही. पण आग्या मोहोळ उठून गेलं की कातळावर तसाच पिवळट-काळपट पानाचा आकार राहतो हे आमच्याकडचं पाचवीतलं पोरगं सांगेल. आग्याचं पोळं एकच पडदा असतो, कड्याखाली नाहीतर गुहेच्या तोंडाशी, जिथे पाऊस लागत नाही तिथे. पेपर लिहायच्या आधी मध काढणाऱ्या एखाद्या ठाकरदादाला गुहेत नेलं असतं तर कार्यक्रम दोन मिनिटांत आटपला असता 😄

दगडफोड्या

सर, हे मी आमच्या गाईडना (म्हणजे पीएचडीच्या) ऐकवणार आहे 😂

धुकंच_धुकं

मी मूळची कोल्हापूरची, गेली सहा वर्षं कॅनडात न्यूफाउंडलंडमधे सेंट जॉन्सला राहते. हा धागा बघून राहवलं नाही कारण माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर ते मिस्टेकन पॉइंट आहे, आणि तुमच्या मुलीला ते ठिकाण माहीत असायलाच पाहिजे. त्याचं कारण शेवटी सांगते.

नाव ‘मिस्टेकन’ का, तर धुक्यात जहाजवाल्यांना हे टोक म्हणजेच केप रेस (जवळचंच दुसरं टोक) वाटायचं, ते वळायचे आणि खडकांवर आपटायचे. धुकं म्हणजे तुम्ही महाबळेश्वरचं पावसाळ्यातलं म्हणाल तर त्याच्या दुप्पट धरा. आम्ही दोन उन्हाळ्यांपूर्वी गेलो, माझी आई आली होती पाहुणी म्हणून. एकटं जाता येत नाही, पोर्चुगल कोव्ह साउथ नावाच्या छोट्या गावातून गाईडबरोबरच जायचं, माळरानातून तीनेक किलोमीटर चालायचं, वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. आई सारखी म्हणत होती की दगड बघायला एवढं लांब, ज्योतिबाला काय कमी दगड आहेत का.

मग कड्यावर पोचलो आणि गाईडने सांगितलं बूट काढा. दगडावर बुटांनी पाऊल ठेवायचं नाही, ठसे झिजतात. आई लगेच खूष, "हे बरंय, देवळासारखं." समुद्राकडे उतरती अशी मोठीच्या मोठी लादी, करड्या रंगाची, आणि तिच्यावर मी आधी दोन मिनिटं बघत राहिले तर नुसता दगड. ऊन जरा ढगातून तिरपं आलं आणि मग एक दिसलं, मग शेजारी दुसरं, आणि मग अगं बाई, सगळीकडेच! पानं, झुपके, चरख्याच्या चातीसारखे दोन्ही टोकांना निमुळते आकार, पिसं. आई खाली बसली आणि म्हणाली, "रांगोळीचे छाप मारून ठेवलेत की गं." मला आजतागायत यापेक्षा चांगलं वर्णन सुचलेलं नाही. जवळून बघितलं तर प्रत्येक फांदीवर तीच नक्षी बारीक होऊन परत, तिच्यावर परत तीच.

वय साधारण ५६.५ कोटी वर्षं, आणि हे वय अंदाजपंचे नाही. ज्वालामुखीची राख त्यांच्यावर पडली आणि ते होते तिथेच, होते तसे झाकले गेले. त्या राखेत झिरकॉनचे कण असतात, त्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून वय काढतात. म्हणजे जीवाला मारणारी राखच त्याचा जन्मदाखला (की मृत्यूचा दाखला) देते. अख्खी वसाहत जागच्या जागी राहिल्यामुळे कोण कोणाच्या शेजारी राहत होतं तेही मोजता येतं. ते चातीसारखे जे आहेत, फ्रॅक्टोफ्युसस, त्यांच्या जागांचा नकाशा केला तर मधे मोठे, भोवती मधले, त्यांच्या भोवती पिल्लं असे पुंजके निघाले. त्यावरून २०१५ मधे एमिली मिचेल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हे रनर सोडून वाढत असणार. आपल्या वाई-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात एका रोपाचे रनर चहूकडे जाऊन नवी रोपं धरतात ना, अगदी तसं.

आता ते कारण. हे ठसे १९६७ च्या जूनमधे शोधले ते एका भारतीय विद्यार्थ्याने. शिव बालक मिश्रा, लखनौजवळच्या खेड्यातला मुलगा, इथल्या मेमोरियल विद्यापीठात मास्टर्स करायला आला होता आणि प्रबंधासाठी या किनाऱ्याचा भूशास्त्रीय नकाशा काढत होता. पुढच्याच वर्षी नेचरमधे छापून आलं. नंतर ते भारतात परत गेले, नैनीतालला कुमाऊँ विद्यापीठात शिकवलं, गावात शाळा काढली. इकडे त्यांचं नाव त्या चातीच्या जीवाला दिलंय, फ्रॅक्टोफ्युसस मिस्राय, तेही २००७ मधे, म्हणजे चाळीस वर्षांनी. २०१६ पासून जागा जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडे कोणालाही विचारा, माहीत नाही. मलाही इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

भटक्या_नाशिककर

ताई, हे मोठ्याने वाचून दाखवलं घरात. रांगोळीचे छाप हे आमच्या आईला (वय ७८) सुद्धा पटलं.

मुलीने लगेच पुढचा प्रश्न काढलाय, तिच्याच शब्दात टाईप करतो: पानासारखे दिसतात, रनर सोडतात, हलत नाहीत, मग त्या वनस्पतीच कशावरून नाहीत? आणि डिकिन्सोनियाला तोंडच नाही तर त्याला प्राणी का म्हणायचं?

दगडफोड्या

पोरगी कामाची आहे.

मिस्टेकन पॉइंटचं उत्तर सोपं. तिथले थर खोल समुद्रातले आहेत, उजेड पोचत नाही अशा ठिकाणचे. उजेड नाही म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही म्हणजे वनस्पती नाही, विषय संपला. बहुतेक पाण्यात विरघळलेलं खाणं अंगातून शोषून घेत असतील, म्हणून तर एवढ्या फांद्यांवर फांद्या, पृष्ठभाग वाढवायला. पण ते प्राणीच होते का, की प्राण्यांच्या वंशवृक्षावरची एखादी वठून गेलेली फांदी, यावर अजून वाद आहे आणि ज्याला या विषयात यायचंय त्याने असल्या वादात राहायची सवय करून घ्यावी. रिटॅलॅक तर म्हणतात की यातले कित्येक समुद्रातले नाहीतच, जमिनीवरची दगडफुलं आहेत. (हो तेच, मसाल्यातलं दगडफूल.) फारसं कोणी मानत नाही.

डिकिन्सोनियाचं मात्र भारी आहे. रशियात पांढऱ्या समुद्राच्या काठी कड्यांमधे काही नमुन्यांवर मूळ जीवाचा पातळसा सेंद्रिय पापुद्रा शिल्लक राहिलेला सापडला. इल्या बोब्रोव्स्कीने तो खरवडून त्यातले रेणू बघितले. निघालं काय, तर कोलेस्टेरॉलचे अवशेष, त्र्याण्णव टक्क्यांपर्यंत, आणि आजूबाजूच्या गाळात वेगळेच, शेवाळाचे रेणू. २०१८ मधे हे आलं. ५५.८ कोटी वर्षांचं कोलेस्टेरॉल! दगडफूल असतं तर एर्गोस्टेरॉलवाले (बुरशीत असतात ते) रेणू निघाले असते, शेवाळ असतं तर अजून वेगळे. तोंड नसूनही तो प्राणी ठरला तो असा. आमच्या काकांना डॉक्टरने कोलेस्टेरॉल सांगितलं तेव्हा मी हे ऐकवलं होतं, त्यांना तितकंसं आवडलं नाही.

खाणकाका_नागपूर

मी खाण खात्यातून निवृत्त झालेला भूवैज्ञानिक, सगळी नोकरी कोळशात गेली. वरती सगळे एडियाकारनवरच थांबलेत म्हणून लिहितोय, कारण ‘पहिला गुंतागुंतीचा जीव’ म्हणाल तर त्याच्या शंभर कोटी वर्षं मागे जावं लागतं आणि ती गोष्ट आपल्याच विंध्यनमधली आहे, आणि त्यात एका माणसावर अन्याय झालाय.

१९९८ साल. त्या एका वर्षात विंध्यनमधून दोन बातम्या आल्या. एक म्हणजे जादवपूरचे बोस आणि जर्मनीचे झाइलाखर यांची, चोरहट वालुकाश्मात ११० कोटी वर्षांपूर्वीच्या किड्यांच्या वाटा सापडल्याची. दुसरी डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांची, सोन खोऱ्यातल्या चुनखडीत बारीक कवचवाले जीव सापडल्याची, आणि तसले जीव म्हणजे एडियाकारननंतरच्या कॅम्ब्रियन काळाच्या सुरुवातीचे, म्हणून तो दगडच ५४ कोटींचा. म्हणजे एकाच विंध्यनमधून एक म्हणतो प्राणी शंभर कोटीच्या मागे, दुसरा म्हणतो दगडच तरुण. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. मग जो धुरळा उडाला! आझमींचे नमुने दुसऱ्यांना सापडेनात, लोक तिथे जाऊन आले, आणि कुजबुज सुरू झाली की नमुनेच बाहेरून आणलेत की काय. मी लहान पदावरचा माणूस, पण चहाच्या टेबलावर आम्हीही नाकं मुरडलीच, खोटं कशाला बोलू.

२००२ मधे त्या थरांतल्या राखेची वयं आली, १६० कोटी. झालं, आझमींचं पुस्तक मिटलं असं सगळ्यांना वाटलं. पण स्टॉकहोमच्या म्युझियममधले स्टेफान बेंग्टसन तेवढ्यावर थांबले नाहीत, ते स्वतः चित्रकूटला गेले, जानकीकुंडाकडचे दगड गोळा केले, आणि आझमींनी दाखवलेले तेच नळीसारखे जीव त्यांनाही सापडले. २००९ मधे छापलं. म्हणजे नमुने खरे होते, वय चुकलं होतं. आणि वय चुकलं म्हणून किंमत कमी होण्याऐवजी वाढली, कारण १६० कोटी वर्षांपूर्वी असलं काही असणं हीच मोठी गोष्ट! मग सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रातल्या तीव्र क्ष-किरणांनी दगड न फोडता आतल्या पेशी बघितल्या, एकापुढे एक रचलेल्या पेशी, प्रत्येक पेशीत एक छोटी चकती. २०१७ मधे त्यांनी सांगितलं की हे लाल शेवाळासारखं काहीतरी आहे, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींचं, अनेकपेशीय. त्याआधी सर्वात जुनं लाल शेवाळ म्हणजे आर्क्टिक कॅनडातलं बँगिओमॉर्फा, ते साधारण १०५ कोटींचं. एका उडीत पन्नास कोटी वर्षं मागे. काही जणांना हे अजून पचलेलं नाही, तो भाग वेगळा.

नावं काय दिली बघा. एकाचं रफतआझ्मिया चित्रकूटेन्सिस आणि दुसऱ्याचं रामाथॅलस. आझमींचं नाव, चित्रकूटचं नाव आणि रामाचं नाव, सगळं त्या शेवाळात आलं. मी तो पेपर छापून घेऊन कपाटात ठेवलाय.

मुलीला सांगा, ‘फसले’ एवढंच शिकू नको. भीमबेटकात जीव खोटा निघाला आणि दगडाचं १०० कोटींचं वय खरं राहिलं. चित्रकूटला वय खोटं निघालं आणि जीव खरा राहिला. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात. एकीवरून दुसरी ठरवायला गेलं की गोत्यात.

हिशोबी_पुणेकर

सगळं वाचायला छान आहे पण ताईंच्या (धागाकर्त्याच्या मिसेसच्या) प्रश्नाला कोणी हात लावला नाही. पोटापाण्याचं काय? माझा चुलतभाऊ जिऑलॉजी करून आता बोअरवेलचे पॉइंट दाखवतो. नीट सोडून शेवाळाच्या मागे लावायच्या आधी विचार करा.

दगडफोड्या

बोअरवेलचे पॉइंट दाखवणारे माझ्यापेक्षा जास्त कमावतात, त्यांना नावं ठेवू नका 😄

खरं सांगतो. बारावीनंतर बीएस्सी जिऑलॉजी, पुण्यात फर्ग्युसनला आहे, मुंबईत झेवियर्सला आहे, नागपूर विद्यापीठाचा विभाग जुना आहे. मग जॅमची परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, पवईला आहेच. फॉसिलचं संशोधन म्हणाल तर पुण्यातच आघारकर संस्थेत पुराजीवशास्त्राचा गट आहे, आणि लखनौला बिरबल सहानी संस्था, तिचं तर कामच हे. सरकारी नोकरी हवी तर यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा, त्यातून जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण). तेल कंपन्यांना सूक्ष्म जीवाश्म ओळखणारी माणसं लागतात, विहिरीतून वर आलेल्या चुऱ्यावरून कुठल्या वयाच्या थरात आहोत ते सांगायला. जागा मात्र थोड्या, एवढ्या जुन्या जीवांवर काम करणाऱ्यांच्या तर अजूनच थोड्या, हे लपवत नाही. कोणी "स्कोप आहे" म्हणून या विषयात येत असेल तर येऊ नये.

आणि काम कसं असतं तेही सांगा तिला. फोटोत जे कड्यावर उभे असतात ते वर्षातले पंधरा-वीस दिवस. बाकी मी दगडाचे काप घासत असतो, तीन शतांश मिलिमीटर जाडीपर्यंत, उजेड आरपार जाईल इतके, आणि शेवटच्या पाच मिनिटांत हात जड पडला की आठवड्याची मेहनत पाण्यात वाहून जाते, अक्षरशः, ग्राइंडरच्या पाण्यात. नाहीतर शेल दगड हायड्रोफ्लोरिक ॲसिडमधे विरघळवायचा आणि उरलेल्या गाळात सूक्ष्मजीव शोधायचे. ते ॲसिड दगड खातं तसं हाडापर्यंतही जातं, त्यामुळे दोन हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि लॅबमधे एकटं राहायचं नाही. गेल्या महिन्यात चाळीस स्लाइड बघितल्या, कामाचे निघाले तीन ठिपके, त्यातला एक बुडबुडा होता.

इंग्लंडमधल्या चार्नवुडची गोष्टही तिला सांगा. १९५६ मधे टीना नेगस नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिथल्या खडकावर फर्नसारखा ठसा दिसला. शाळेत सांगितलं तर भूगोलाच्या बाई म्हणाल्या, तो दगड कॅम्ब्रियनच्या आधीचा आहे, त्यात जीवाश्म नसतातच. दुसऱ्या वर्षी रॉजर मेसन नावाच्या शाळकरी मुलाला तोच दिसला, त्याच्या वडिलांची विद्यापीठातल्या ट्रेव्हर फोर्ड यांच्याशी ओळख होती म्हणून ते येऊन बघून गेले, आणि १९५८ मधे चार्निया मेसोनाय म्हणून छापला गेला. कॅम्ब्रियनच्या आधीही मोठे जीव होते हे त्यानंतर लोकांनी मान्य केलं, ऑस्ट्रेलियातले ठसे सुद्धा मग नीट जागेवर बसले. मेसन पुढे स्वतः भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. टीनाचं नाव कित्येक वर्षांनी घेतलं जाऊ लागलं. तेव्हा बाई नाही म्हणाल्या तरी फोटो काढून ठेवायचा.

महाराष्ट्रात काय बघायचं, तर आपला बहुतेक दगड काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा, त्यात हे असलं काही मिळणार नाही. चंद्रपूरकडे पैनगंगेची चुनखडी आहे ती जुनी, तिचं सिमेंट होतं. पण लांब कशाला जाता, तुमच्या गावच्या घरी ओट्याला शहाबादी फरशी असेल तर ती भीमा खोऱ्यातली, कॅम्ब्रियनच्याही आधीच्या समुद्रातला चुन्याचा चिखल आहे. स्वयंपाकघरातला कडप्पा पण तसाच जुना. आपण सगळे त्या समुद्राच्या तळावर बसून भाकऱ्या खाल्लेले लोक आहोत. त्यात मोठा जीव सापडेल अशी आशा ठेवू नका, पण डोळा तयार करायला झकास. रात्री फरशी ओली करा आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. काळ्या फर्नसारखी नक्षी दिसली तर नाचू नका, ते मँगनीजचे डेंड्राइट, भेगेतून पाणी झिरपून झालेले. बाजारात ते झाडाचं फॉसिल म्हणून विकतात. ओळखायचं कसं ते मी सांगत नाही, तिलाच शोधू द्या.

रानमेवा_जव्हार

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शहाबादीच आहे. उद्या पोरांना बसवतो कामाला.

भटक्या_नाशिककर

मंडळी, उशिरा लिहितोय. शनिवारी निफाडला आईकडे गेलो होतो. रात्री साडेनऊला लाइट बंद करून ओट्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि मी, मुलगी आणि धाकटा पोटावर झोपून टॉर्च घेऊन. चाळीस वर्षं त्या ओट्यावर बसून जेवलोय, पण फरशीत एवढ्या बारीक नागमोडी रेघा आहेत हे कधी दिसलंच नव्हतं, शिवणीसारख्या. (खाणकाका, त्या काय असतात?) कोपऱ्यातल्या फरशीवर, जिथे आई तुळशीचं पाणी टाकते तिथे, काळी फर्नची फांदी सापडली, धाकटा ओरडायलाच लागला. मुलीने भिंग लावून दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, मधला देठ नाहीये, आणि सगळ्या फांद्या या चिरेपासूनच निघतात, चीर संपली की नक्षी पण संपते. डेंड्राइट. तरी वहीत चित्र काढलं, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, तारीख टाकली.

आई आतून विचारत होती की एवढ्या रात्री ओटा कोण धुतंय आणि सकाळी टाकीत पाणी कोण भरणार. ते मी भरलं.

खाणकाका_नागपूर

त्या शिवणी म्हणजे स्टायलोलाइट. वरच्या थरांच्या वजनाने चुनखडी दबते, काही भाग विरघळून जातो आणि न विरघळणारी माती त्या रेघेत उरते. तुळशीजवळच्या फरशीचा फोटो इथे टाका, मलाही बघायचाय.